यवतमाळची देवी आणि बंगाल्यांची दुर्गापूजा : फरक काय, आणि घरापासून लांब आलेले बंगाली ती का मांडतात?

दारव्ह्यात कुणालाही विचारा, नवरात्रात कुठं जाणार? उत्तरं दोनच येतात. एक, माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला. दोन, यवतमाळला देव्या बघायला.

यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे कोलकात्यानंतर देशात दोन नंबरचा, असं आपल्याकडं छाती फुगवून सांगतात. पण कोलकात्याहून आलेल्या माणसाला हा उत्सव दाखवला तर तो खूश होईल आणि थोडा गोंधळेलही. कारण दुर्गा तीच असली तरी पूजा त्याच्या ओळखीची नसते.

मग त्याची पूजा असते तरी कशी?

पहिला फरक दिवसांचा. आपल्याकडं घटस्थापनेला देवी बसते. बंगाल्यांची खरी गडबड सुरू होते षष्ठीला. त्या दिवशी देवीचं ‘बोधन’ होतं, म्हणजे तिला जागं करतात. मग सप्तमी, अष्टमी, नवमी आणि दशमीला निरोप.

दुसरा फरक मूर्तीचा. बंगाली मांडवात दुर्गा एकटी नसते. लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक आणि गणपती ही तिची चार लेकरं सोबत असतात. सप्तमीला केळीच्या रोपाला साडी नेसवून गणपतीशेजारी उभं करतात. तिला म्हणतात ‘कोला बोऊ’, म्हणजे केळबायको. लोक तिला गणपतीची बायकोच समजतात. आपल्या रिद्धी-सिद्धी तिथं दिसत नाहीत.

यामागची गोष्ट आपल्याला लगेच कळण्यासारखी आहे. बंगाल्यांसाठी दुर्गा ही सासरी दिलेली लेक. वर्षातून एकदा ती पोराबाळांना घेऊन माहेरी येते. विदर्भात महालक्ष्म्या तीन दिवस माहेरपणाला येतात ना, अगदी तसंच. म्हणून दशमीला बायका देवीला कुंकू लावतात, मिठाई भरवतात आणि डोळे पुसत निरोप देतात.

तिसरा फरक ताटातला, आणि वाद होतात ते इथंच. आपल्याकडं नवरात्र म्हणजे उपवास, साबुदाणा, भगर. बंगाल्यांकडं दुपारी मांडवात भोगाची खिचडी, मिक्स भाजी, चटणी, खीर आणि संध्याकाळी बाहेरच्या स्टॉलवर चक्क फिश फ्राय आणि एग रोल. यात त्यांना काही वावगं वाटत नाही. लेक घरी आली की चांगलंचुंगलं करायचं, इतका साधा हिशोब. आपल्या गावात मात्र हे बघून भुवया उंचावतात. त्यामुळं अशी पूजा मांडताना समितीला शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

समिती कशासाठी? कारण ही पूजा एकट्यादुकट्याचं काम नाही. पूर्वी बंगालमध्ये ती जमीनदारांच्या वाड्यात व्हायची. अठराव्या शतकात हुगळी जिल्ह्यातल्या गुप्तिपाड्यात बारा मित्रांनी वर्गणी काढून सार्वजनिक पूजा केली, असं सांगतात. बारा यारांची म्हणून ‘बारोवारी’. पुढं तिलाच ‘सर्वजनीन’ म्हणू लागले.

परगावात हीच पद्धत कामी आली. वर्गणी काढायची, मूर्तिकार गाठायचा, बंगाली पद्धत माहीत असलेला पुरोहित शोधायचा, जमलं तर गावाकडून ढाक वाजवणारे बोलवायचे. अष्टमी-नवमीच्या सांध्यावर होणाऱ्या संधिपूजेसाठी १०८ कमळं आणि १०८ दिवे जमवायचे. संध्याकाळी मुलांकडून बंगालीत नाटक, कविता बसवून घ्यायच्या. शाळेत मराठी किंवा इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना स्टेजवर बंगाली बोलायला मिळते ती इथंच. १९३२ साली सुरू झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आठवा. माणूस लांब गेला की सण हेच भाषा टिकवायचं निमित्त होतं.

महाराष्ट्रात हे बंगाली आले कुठून?

विदर्भापुरतं बोलायचं तर एक मोठा रस्ता रेल्वेचा. १८८७ साली ‘बंगाल नागपूर रेल्वे’ कंपनी निघाली आणि नागपूर थेट बंगालशी जोडलं गेलं. रेल्वेतले बाबू, वकील, डॉक्टर, प्राध्यापक आले. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे बंगालीच. नागपुरात धंतोलीची बंगाली पूजा आजही गर्दी खेचते.

मुंबईत बॉम्बे दुर्गाबाडी समितीची पूजा १९३० पासूनची. शिवाजी पार्कला बंगाल क्लबची पूजा असते. काजोल आणि राणी मुखर्जी जिथं भोग वाढताना दिसतात, ती मुखर्जी कुटुंबाची पूजा १९४८ पासूनची.

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात मात्र बंगाली म्हटलं की डोळ्यासमोर येतो सराफा ओळीत मान खाली घालून काम करणारा कारागीर, नाहीतर ‘बंगाली डॉक्टर’चा बोर्ड. पाच-दहा घरांत सर्वजनीन पूजा उभी राहत नाही. अशा माणसाला अष्टमीची अंजली वाहायला मोठं शहर गाठावं लागतं, नाहीतर मोबाईलवर गावचा मांडव बघत काम करावं लागतं.

पण या सगळ्यांना परत जायला एक गाव तरी असतं. विदर्भात असेही बंगाली आहेत, ज्यांचं मूळ गाव आता दुसऱ्या देशात आहे.

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निर्वासितांचे लोंढे येत राहिले. त्यातल्या काहींना १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवलं. आज मुलचेरा, चामोर्शी या गडचिरोलीतल्या तालुक्यांत त्यांची गावं आहेत. जंगल तोडून भातशेती उभी केलेली माणसं. तिथंही दुर्गापूजा होते.

यातले बरेच जण नमशूद्र समाजाचे. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे सरकारनं माणूस जिथं वसवला, तिथंच त्याची जात कागदावर चालत नाही. जातीच्या दाखल्याची मागणी वर्षानुवर्षं सुरू आहे. तिसरी पिढी मराठीत शिकते, मराठीत अर्ज लिहिते. आजी-आजोबांच्या गावातून तिच्या हातात उरलं ते भाषा आणि ही पूजा.

२०२१ साली युनेस्कोनं कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. मुलचेऱ्यातला मांडव त्या यादीत नाही, पण वारसा तोच आहे.

यंदा नागपूरला असाल तर अष्टमीला बंगाली मांडवात जरूर जा. सार्वजनिक पूजेत आमंत्रणाची वाट बघायची नसते. भोगाच्या पंगतीची वेळ तेवढी आधी विचारून घ्या. आणि दशमीनंतर पाच दिवसांनी आपण कोजागरीचं दूध आटवतो ना, त्याच रात्री बंगाली घरांत लक्ष्मीपूजा असते. ओळखीचं कुणी असेल तर दूध घेऊन त्यांच्याकडं जाता येईल.