पीठ मोजून, काम मोकळं

काम सोपवून दर तासाला ‘कुठवर आलं?’ विचारणारे साहेब आपण पाहतो. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून हात झटकणारेही पाहतो. काम सोपवायचं कसं, हे शिकायचं तर ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’चा कारभार पाहावा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या या संस्थेत आज हजारो भगिनी आहेत.

शाखेत पहाटे पीठ मळलं जातं. भगिनी आदल्या दिवशीचे पापड घेऊन येतात. ते तपासून, वजन करून घेतले जातात, मजुरी हाती पडते आणि नवं पीठ घेऊन त्या घरी जातात. तिथे डोक्यावर मुकादम नाही. मुलांचे डबे आधी की लाट्या आधी, हे जिचं तिने ठरवायचं.

मग चव आणि दर्जा सांभाळतं कोण? डाळीचं पीठ, हिंग, मिरी यांची खरेदी मध्यवर्ती कार्यालय करतं आणि तिथूनच माल शाखांना जातो. म्हणजे जिथे चूक परवडणार नाही तिथे नियम घट्ट, आणि जिथे माणसाचा हात व वेळ लागतो तिथे पूर्ण मोकळीक. आपल्या कार्यालयांत नेमकं उलटं चालतं. रजेच्या अर्जावर चार सह्या लागतात, पण चांगलं काम कशाला म्हणायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

मोकळीक टिकते ती वाट्यामुळे. लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते. नफा वाटून मिळतो, तोटाही वाटून घ्यावा लागतो. जाड-पातळ पापड गेला तर नुकसान स्वतःचंच, हे तिला वेगळं बजावावं लागत नाही. शाखेची संचालिकाही या भगिनींमधूनच येते. ‘हा पापड नीट वाळलेला नाही’ असं ती म्हणते, तेव्हा समोरचीला ते पटतं, कारण सांगणारीने स्वतः पापड लाटलेले असतात.

प्रत्येक कंपनी सहकारी होणार नाही, हे खरं. पण काम देताना त्याचं माप आधी स्पष्ट सांगणं, पद्धत करणाऱ्यावर सोडणं, मोबदला वेळेवर देणं आणि यशात त्याचं नाव व वाटा ठेवणं, एवढं कुठल्याही विभागप्रमुखाला जमण्याजोगं आहे. प्रोत्साहनपर भाषणं त्यानंतर करावीत. बहुधा त्यांची गरजच उरणार नाही.