दुकानातला माणूस वाचतो तेव्हा

जुलै २०१६. जपानच्या ईशान्येकडचं मोरिओका हे शहर, आणि तिथल्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीतलं सावाया शोतेन नावाचं पुस्तकांचं दुकान. या दुकानात एक पुस्तक विक्रीला आलं, पण त्याचं नाव काय हे कुणालाच कळू शकत नव्हतं. लेखक कोण, प्रकाशक कोण, तेही नाही. मूळ मुखपृष्ठावर हाताने लिहिलेल्या मजकुराने गच्च भरलेला कागद चढवलेला आणि वरून प्लास्टिकचं वेष्टन. म्हणजे उघडून चाळायचीही सोय नाही. गिऱ्हाइकाला फक्त तीन गोष्टी सांगितल्या होत्या: किंमत ८१० येन, पानं ५०० हून जास्त, आणि ही कादंबरी नाही. कागदावरच्या मजकुराचा आशय असा होता, की माफ करा, हे पुस्तक तुम्हाला कसं सुचवावं हे मला उमगलं नाही. तरी तुम्ही ते वाचावंच असं मला वाटतं, म्हणून नाव झाकून ठेवतो आहे. या झाकलेल्या पुस्तकाला म्हणायचे ‘बुन्को एक्स’. बुन्को म्हणजे खिशात मावेल अशी छोटी पेपरबॅक.

तुम्ही घेतलं असतं असं पुस्तक? मोरिओकाच्या लोकांनी घेतलं. पहिला गठ्ठा संपला, दुसरा मागवला, तोही संपला. मग इतर शहरांतले पुस्तकविक्रेते विचारू लागले, की आम्हीही असंच झाकून विकू का? डिसेंबर उजाडेपर्यंत जपानच्या ४७ च्या ४७ प्रांतांत, ६०० हून जास्त दुकानांत, हे बिननावाचं पुस्तक विकलं जात होतं.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? दुकानातल्या एका नोकरदार माणसाने एक पुस्तक वाचलं होतं आणि ते त्याला स्वस्थ बसू देत नव्हतं. एवढंच! एका माणसाच्या वाचनातून असं देशभर लोण कसं पसरतं, हे समजून घ्यायचं तर जपानमधला पुस्तकांचा धंदा कसा चालतो ते आधी पाहावं लागेल. तो मुळातच चकित करणारा आहे.

पहिली गोष्ट किमतीची. आपल्याकडे पुस्तक म्हटलं की सवलत आलीच. प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शनातली सवलत, संच घेतला तर आणखी सवलत. जपानमध्ये प्रकाशकाने छापलेली किंमत हीच किंमत. इतर वस्तूंच्या बाबतीत उत्पादकाने दुकानदारावर किंमत लादणं तिथे बेकायदा आहे, पण १९५३ साली कायद्यात बदल करून पुस्तकांना त्यातून वगळलं गेलं. त्यामुळे टोकियोतलं सात मजली दुकान असो की होक्काइदोतल्या खेड्यातलं एका खोलीचं, नवं पुस्तक दोन्हीकडे सारख्याच दराने मिळतं.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. जपानमध्ये वर्षाला ७० हजारांच्या आसपास नवी पुस्तकं निघतात, म्हणजे रोज जवळजवळ २००. ती सगळी दुकानदाराने निवडून मागवायची म्हटली तर त्याला दुसरं काही करताच येणार नाही. म्हणून मोठे वितरक आपल्या हिशोबाने दुकानाला खोकी पाठवतात. सकाळी शटर वर गेलं की खोकी फोडायची, मासिकांबरोबरच्या भेटवस्तू एकेका अंकाला बांधायच्या, नवी पुस्तकं मांडायची. जी विकली जाणार नाहीत ती ठरलेल्या मुदतीत परत पाठवता येतात, आणि साधारण तिसरा हिस्सा पुस्तकं अशी परत जातातही. आज मांडलेलं पुस्तक काही आठवड्यांत टेबलावरून उठतं, कारण मागे पुढची खोकी उभी असतात.

आता गंमत बघा. किंमत सगळीकडे तीच. पुस्तकंही बहुतेक तीच, कुणी मागितलेली नसताना आलेली. मग या दुकानात आणि पलीकडच्या दुकानात फरक तो काय उरला? आत उभ्या असलेल्या माणसाने काय वाचलं आहे, हा!

आणि हा माणूस पुस्तकांखेरीज आणखी एक गोष्ट वाचत असतो, ती कळली तेव्हा मी थक्क झालो. जपानी पुस्तकात, निदान अलीकडेपर्यंत, एक दुमडलेली लांबट चिठ्ठी खोचलेली असायची. तिचं छोटं अर्धगोल टोक पानांच्या वर डोकावायचं. पुस्तक विकलं गेलं की गल्ल्यावरचा माणूस ती चिठ्ठी काढून घ्यायचा. तिचा एक भाग विक्रीची नोंद म्हणून, दुसरा तेच पुस्तक पुन्हा मागवण्यासाठी. इथवर काही विशेष नाही. पण एकाच गिऱ्हाइकाने तीन पुस्तकं घेतली, तर मुरलेला विक्रेता त्या तिन्ही चिठ्ठ्या एकत्र अडकवून ठेवायचा आणि नंतर निवांतपणे वाचायचा. समजा, एका जुडग्यात बागकामाचं पुस्तक, घटस्फोटाच्या कायद्याची माहिती आणि एक कवितासंग्रह निघाला. कोण असेल ही व्यक्ती? कुठल्या वळणावर उभी असेल? तिला चौथं पुस्तक कुठलं लागेल, आणि ते कुठे ठेवलं तर तिच्या नजरेस पडेल? नाव-पत्ता काही माहीत नसताना अख्खा माणूस त्या जुडग्यातून उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी कपाटातली दोन पुस्तकं जागा बदलायची आणि ती का बदलली हे गिऱ्हाइकाला कधी कळायचंही नाही. आता गल्ल्यावरच्या संगणकात सगळी नोंद होते आणि अनेक प्रकाशकांनी चिठ्ठ्या बंद केल्या आहेत. मला ते मोठं नुकसान वाटतं, कारण संगणकातल्या आकड्यांच्या रांगा बघून त्यामागचा माणूस इतक्या सहज दिसत नाही.

वाचलेलं गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं कसं, याची वाटही अशाच एका माणसाने दाखवून दिली. टेरी के या अमेरिकन लेखकाची एक शांत, छोटी कादंबरी आहे. बायको गेलेला म्हातारा आणि अचानक त्याच्या दारी येणारा पांढरा कुत्रा, जो सुरुवातीला फक्त त्यालाच दिसतो. तिचं जपानी भाषांतर बुन्को रूपात १९९८ साली आलं आणि कुठल्याही चांगल्या भाषांतरासारखं गुमान कपाटात जाऊन बसलं. २००१ मध्ये टोकियोजवळच्या चिबा प्रांतात, त्सुदानुमा भागातल्या एका दुकानातल्या विक्रेत्याने ते वाचलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या आणि तो कागद पुस्तकाच्या ढिगात उभा केला. पुस्तक खपू लागलं. प्रकाशकाच्या कानावर गेलं, त्याने त्या मजकुराच्या प्रती काढून देशभरच्या दुकानांना पाठवल्या. खप दहा लाखांच्या पुढे गेला! तीन वर्षं पडून असलेलं पुस्तक, त्याच किमतीत, त्याच मुखपृष्ठासह. नवीन काय होतं? चार ओळी. पण त्या पुस्तक पूर्ण वाचलेल्या माणसाच्या होत्या आणि त्याच्या अक्षरात होत्या. आज जपानमधल्या कुठल्याही बऱ्या दुकानात गेलात तर अशी हस्तलिखित कार्डं ढिगाढिगातून डोकावताना दिसतील.

एका माणसाच्या वाचनात इतकी ताकद असेल, तर शेकडो विक्रेत्यांनी मिळून ठरवलं तर काय होईल?

ते झालंच. नाओकी पुरस्कार हा जपानमधला १९३५ पासूनचा मानाचा साहित्य पुरस्कार. त्याचे परीक्षक नामवंत लेखक असतात. जानेवारी २००३ मध्ये परीक्षकांनी जाहीर केलं, की या खेपेला एकही पुस्तक पुरस्काराच्या योग्यतेचं नाही. दुकानांतले लोक हळहळले. पुरस्कार म्हणजे विक्रीची पर्वणी, ती गेली हे खरंच. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. वर्षभर आम्ही इतकी उत्तम पुस्तकं वाचली, त्यातलं एकही योग्य नाही कसं? मग आम्हीच निवडू. २००४ साली ‘होन्या ताइशो’ सुरू झाला. पुस्तकांच्या दुकानांचा महापुरस्कार.

त्याचे नियम मला पुरस्काराहूनही आवडतात. नवी पुस्तकं विकणाऱ्या दुकानात काम करणारा कुणीही मत देऊ शकतो, अर्धवेळ काम करणारा विद्यार्थीसुद्धा. पहिल्या फेरीत प्रत्येकाने वर्षभरातल्या तीन कादंबऱ्या सुचवायच्या. त्यातून सर्वांत जास्त मतांच्या दहा निवडल्या जातात. दुसऱ्या फेरीत मत द्यायचं असेल, तर त्या दहाच्या दहा वाचायच्या, प्रत्येकीवर आपलं मत लिहायचं आणि मगच पहिले तीन क्रमांक द्यायचे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला दीड. न वाचता मत देण्याची मुभाच नाही!

या फेरीला साधारण महिना-दीड महिना मिळतो. दुकानात वाचायला फुरसत नसते, खोक्यांची ती धांदल वर आलीच आहे. हे वाचन घरी, रात्री, लोकलमध्ये, सुटीच्या दिवशी होतं. पगार बेताचा, पुष्कळांची नोकरी कंत्राटी. तरी २०२४ साली पहिल्या फेरीत ७०० हून जास्त आणि दुसऱ्या फेरीत ४०० हून जास्त विक्रेत्यांनी मतं दिली. म्हणजे त्या एका हिवाळ्यात या लोकांनी मिळून चार हजारांहून जास्त वेळा कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि प्रत्येक वेळी तिच्यावर काही लिहिलं. जगातल्या किती परीक्षक मंडळांबद्दल असं म्हणता येईल? विजेत्याला मिळतात एक लाख येनची पुस्तक-कूपनं. नाओकीची रक्कम याच्या दसपट आहे. पण एप्रिलमध्ये निकाल लागला की देशभरच्या दुकानांत सर्वांत पुढचं टेबल त्या पुस्तकाचं असतं, कारण टेबल मांडणारे हात मत देणाऱ्यांचेच असतात.

पहिल्या वर्षी त्यांनी निवडली योको ओगावा यांची कादंबरी. फक्त ८० मिनिटांची स्मृती उरलेला एक गणितज्ञ, त्याच्या घरी कामाला येणारी बाई आणि तिचा लहान मुलगा. अंकांविषयीच्या या हळुवार गोष्टीवर पुढे सिनेमाही निघाला. पुढची नावं वाचताना मला एक धागा दिसू लागला. २०१० ची विजेती कादंबरी सतराव्या शतकात जपानचं पंचांग दुरुस्त करणाऱ्या खगोलवेत्त्यावर आहे. २०१२ ची, शिओन मिउरा यांची, वर्षानुवर्षं खपून एक शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींवर. २०१६ ची, नात्सु मियाशिता यांची, पियानोचे सूर लावणाऱ्या तरुण कारागिरावर. पंचांगकर्ता, कोशकार, सूर जुळवणारा. यांचं काम चोख झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दाद मिळते ती वाजवणाऱ्याला. पुस्तकविक्रेत्यांना ही माणसं आपली वाटली यात नवल नाही. सगळ्याच विजेत्या अशा नाहीत, २००९ ची तर सूडाची काळीकुट्ट गोष्ट आहे. तरीही या तिघांना शेजारी ठेवून बघा, निवडणाऱ्यांचा चेहरा दिसतो.

आणि त्या झाकलेल्या पुस्तकाचं काय? ९ डिसेंबर २०१६ ला त्याचं नाव जाहीर झालं. कियोशी शिमिझु या पत्रकाराचं ते शोधपुस्तक होतं, आणि शीर्षकाचा अर्थ होता ‘खुनी तिथेच आहे’. १९७९ ते १९९६ या काळात तोचिगी आणि गुन्मा प्रांतांच्या सीमेवर पाच लहान मुलींचं अपहरण झालं. त्यातल्या एका प्रकरणात सदोष डीएनए चाचणीच्या जोरावर एक निरपराध माणूस १७ वर्षं कैदेत राहिला. शिमिझु यांनी पोलिसांचा तपास धागा धागा उसवून दाखवला. आता विचार करा, हे शीर्षक आणि हा विषय उघडा ठेवला असता, तर संध्याकाळची गाडी पकडायला निघालेल्या किती जणांनी ते हातात घेतलं असतं? गिऱ्हाईक या पुस्तकाला बघूनच मान फिरवेल आणि वाचलं तर मात्र खाली ठेवणार नाही, या दोन्ही गोष्टी त्या विक्रेत्याने नेमक्या ओळखल्या होत्या. म्हणून त्याने शीर्षक लपवलं.

याहून पुढे गेलेला माणूस होक्काइदोत आहे. सुनागावा हे एकेकाळच्या कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं, वस्ती ओसरत चाललेलं गाव. तिथे तोरु इवाता यांचं वडिलांपासून चालत आलेलं छोटं दुकान आहे. २००७ साली त्यांनी एक योजना काढली: तुम्ही दहा हजार येन द्या, मी तुमच्यासाठी तेवढ्याची पुस्तकं निवडतो. त्याआधी एक अर्ज भरायचा, ज्याला ते डॉक्टरांकडच्या केसपेपरचंच नाव देतात. मनात राहिलेली वीस पुस्तकं लिहा. आयुष्यात काय आनंदाचं घडलं, काय दुःखाचं? कुठल्या वयातले तुम्ही तुम्हाला आवडता? काय कधीच करणार नाही असं ठरवलं आहे? वैद्याने नाडी बघावी तसे इवाता तो अर्ज पुन्हा पुन्हा वाचतात, मग आपल्या वाचलेल्यांतून यादी काढून कळवतात. त्यातलं काही आधीच वाचलेलं असेल तर बदलून देतात. कित्येक वर्षं हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २०१४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात दाखवलं गेलं आणि अर्जांचा असा पूर आला, की शेवटी सोडत काढून नंबर लावावे लागले. पुस्तक घरबसल्या मागवण्याची सोय असलेले लोक एका आडगावच्या दुकानदाराच्या निवडीसाठी सोडतीत नाव घालतात!

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जपानमधल्या पुस्तकांच्या दुकानांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आहे. हस्तलिखित कार्डांनी आणि पुरस्कारांनी ती गळती थांबलेली नाही, आणि थांबेल असं मी म्हणणार नाही. पण अजून जी दुकानं उघडी आहेत, त्यांच्यातल्या माणसांनी रात्री जागून काय वाचलं हे विचारायला तर पैसे पडत नाहीत.

तेव्हा एक कराच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, दादरला, कोल्हापुरात, पणजीत, जिथे कुठे तुमचं नेहमीचं पुस्तकांचं दुकान असेल तिथे पुढच्या वेळी गेलात, की सवलतीचं विचारण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, ‘तुम्ही सध्या काय वाचताय?’ ते जे नाव सांगतील ते घ्या. आणि वाचून झालं की परत जाऊन, कसं वाटलं ते त्यांना सांगा.