उसळणारा व लगामावर रेलणारा घोडा : शिक्षेपूर्वी कारण शोधावे

दरवर्षी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेडा येथे, आणि त्यानंतर नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारातून तीन-चार वर्षांचे तरणे जनावर मोठ्या हौसेने घरी आणले जाते. पहिले काही दिवस ते मुकाट्याने चालते. मग एके दिवशी स्वार पाठीवर बसताच ते मान खाली घालते, पाठीची कमान करते आणि मागचे पाय झाडीत उसळू लागते. दुसरे एखादे जनावर उसळत नाही. परंतु सारा भार लगामावर टाकून स्वाराचे हात ओढीत नेते व वळणावर एका खांद्याने आत कलते. मालक प्रथम चाबूक काढतो, नंतर अधिक कडक लगाम आणतो, आणि अखेरीस 'जनावर खोडीचे निघाले' म्हणून मिळेल त्या किमतीस विकून टाकतो. मध्यंतरी घरातील एखाद्या मुलाचा हात किंवा पाय मोडला, तर नुकसान पैशापुरते राहत नाही.

ही हानी बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असते. जन्मतः खोडकर घोडा क्वचितच आढळतो. उसळणे किंवा रेलणे ही घोड्याची तक्रार होय. ती दुखण्याची असेल, न समजल्याची असेल किंवा अशक्तपणाची असेल. तक्रार कशाची आहे हे न पाहता मारणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

प्रथम चार गोष्टी तपासाव्यात

(१) पाठ व खोगीर : खोगीर उतरवून मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूहळू दाबत जावे. घोडा पाठ खाली घेत असेल, कान मागे टाकीत असेल किंवा शेपूट झटकीत असेल, तर तेथे दुखत आहे असे समजावे. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असल्यास ती बहुधा जुन्या खोगिराच्या दाबाची खूण असते. खोगिराचा भार कण्यावर न येता दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर यावा; खोगीर ठेवल्यावर कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. काम झाल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादाच कोरडा ठिपका दिसला, तर तेथे दाब अधिक पडतो असा संशय घ्यावा. तंग एकदम आवळू नये. प्रथम सैल बांधावा, घोडा दहा-वीस पावले चालवावा व मग थोडाथोडा आवळावा. स्वार व खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावा. अडीचशे किलो वजनाच्या तट्टावर पन्नास किलोंच्या पलीकडे भार घालून त्याच्याकडून सरळ चालीची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

(२) तोंड व दात : याकडे फारच थोडे मालक लक्ष देतात. अडीच ते साडेचार-पाच वर्षांच्या दरम्यान घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात येत असतात, आणि नेमक्या याच वयात आपण त्याच्या तोंडात लगाम घालतो. वरच्या दाढांची बाहेरची कड व खालच्या दाढांची आतली कड झिजून धारदार होते आणि गालास व जिभेस जखमा करते. काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढे एक लहानसा दात असतो. लगामाची सळई त्यावर आपटते. चारा चावताना तोंडातून गोळे पडत असतील किंवा घोडा एकाच बाजूने मान वाकडी करीत असेल, तर पशुवैद्यकाकडून दात तपासून घासून घ्यावेत. हे काम घरच्या कानशीने करू नये.

(३) पाय व खूर : खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापून, गरजेप्रमाणे नाल बदलावेत. कठीण जमिनीवर घोड्याला दुडकीने चालवून पाहावे. पुढचा दुखरा पाय जमिनीवर पडताना घोडा डोके वर उचलतो. जो घोडा आतापर्यंत सरळ चालत होता तो अचानक एका बाजूस कलू लागला, तर प्रथम लंगडेपणाची शंका घ्यावी.

(४) दाणा व काम : दिवसभर खुंट्याला बांधलेल्या घोड्यास भरपूर दाणा घालून आठवड्यातून एकदा स्वारी केल्यास तो उसळल्यावाचून राहत नाही. घोड्याला त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा आहार रोज लागतो. त्यातील मोठा भाग गवत व कडबा यांचा असावा. विश्रांतीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणावा आणि घोड्याला रोज मोकळे फिरू द्यावे.

उसळणाऱ्या घोड्याचे शिक्षण

दुखणे बरे झाले तरी त्याची आठवण लगेच जात नाही. म्हणून शिक्षण पुन्हा जमिनीपासून सुरू करावे. सात-आठ मीटर लांबीच्या दोरीवर घोड्याला मोठ्या वर्तुळात कावा द्यावा. लहान वर्तुळाने सांध्यांवर ताण पडतो. दोन्ही दिशांनी सारखेच फेरे घ्यावेत आणि एकूण काम पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक लांबवू नये. प्रथम खोगिराशिवाय, नंतर रिकामे खोगीर घालून, नंतर रिकिबी लोंबत्या ठेवून कावा द्यावा. घोडा शांत चालू लागल्यावर माहीतगार माणसाने घोडा धरावा व स्वाराने प्रथम पाठीवर केवळ आडवा भार द्यावा. हेही सोसले म्हणजे मग स्वार बसावा. एका पायरीवर घोडा घाबरला, तर मागच्या पायरीवर यावे. त्यात कमीपणा नाही.

उसळण्यापूर्वी घोडा सूचना देतो. चाल मंदावते, पाठ ताठ होते, मान खाली जाऊ लागते. त्याच क्षणी स्वाराने ताठ बसून टाचा खाली दाबाव्यात, एका बाजूचा लगाम आखडून घोड्याचे तोंड थोडे वर व बाजूला वळवावे, आणि पायांनी त्याला पुढे चालवावे. दोन्ही लगाम एकदम ओढू नयेत. तसे केल्यास घोडा कोंडला जातो व अधिकच उसळतो. तोल जात असेल तर उतरावे. परंतु दुखण्याची शंका नसल्यास काम तेथेच बंद करू नये. घोड्याकडून एखादे सोपे काम करून घ्यावे व मगच खोगीर काढावे. नाहीतर उसळले की सुट्टी मिळते, असा धडा तो शिकतो. अशा घोड्यावर एकट्याने बसू नये, डोक्यावर टोप असावा व लगाम हाताला गुंडाळू नये.

लगामावर रेलणारा घोडा

घोड्याच्या वजनाचा सुमारे तीन पंचमांश भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. स्वार बसला की तो तोल बिघडतो. तरण्या घोड्याच्या पाठीत व मागच्या पायांत अजून बळ नसते. म्हणून म्हातारा माणूस काठीवर टेकतो तसा तो लगामावर टेकतो. स्वार जितका ओढतो तितका आधार त्याला मिळत जातो. यावर उपाय ओढण्याचा नव्हे, सोडण्याचा आहे. मूठ क्षणभर घट्ट मिटावी आणि घोड्याने तोंड किंचित हलके केले की तत्काळ सैल करावी. नेमक्या वेळी मिळालेली ही सैलच घोड्याला शिकवते. दहा पावले चालवून थांबवावे, पुन्हा चालवावे, मध्ये तीन-चार पावले मागे घ्यावीत. अशा सरावाने भार हळूहळू मागच्या पायांकडे सरकतो.

वर्तुळात आत कलणाऱ्या घोड्यास बाहेरच्या लगामाने ओढून बाहेर काढू नये. आतल्या पायाने तंगाजवळ दाब देऊन बाहेर सारावे. माणसांप्रमाणे घोडाही डावखुरा वा उजवा असतो. म्हणून कठीण बाजूचे काम थोडे थोडे, परंतु रोज करावे. स्वार स्वतः वाकडा बसत नाही ना, दोन्ही रिकिबी सारख्या लांबीच्या आहेत ना, हेही पाहावे.

काटेरी लगाम वापरू नये

कडक लगामाने घोडा काही दिवस दबतो. नंतर तोंडाची कातडी निबर होते व घोडा पूर्वीपेक्षा अधिक रेलतो किंवा वेदनेने उसळतो. शिवाय ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या क्रूरता प्रतिबंधक नियमांनी काटेरी लगाम, काटेरी काठी व अणकुचीदार साज यांना मनाई केली आहे. गुळगुळीत सळईचा साधा लगाम तरण्या घोड्यास पुरेसा होतो.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी, आपल्या गावात असा घोडा 'खोडीचा' म्हणून विक्रीस निघाल्याचे कळताच, मालकास भेटून वरील चार गोष्टी त्याच्यासमक्ष तपासाव्यात आणि गरजेप्रमाणे पशुवैद्यकीय दवाखान्याची मदत मिळवून द्यावी. धनगर बांधवांच्या ओझ्याच्या तट्टांनाही पाठीचे व तंगाचे हेच नियम लागू आहेत. शिक्षणाला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. परंतु धीराने शिकविलेला घोडा पुढे अनेक वर्षे विश्वासाने काम देतो. आणि त्याच्या पाठीवर घरातील मूल बसले तरी मालकाला घोर राहत नाही.