गुणाचा फड

चार तरुण एकत्र जमतात, उसनवारीवर वाद्ये मिळवतात, रात्ररात्र तालमी करतात आणि आपले नाव गावोगाव झळकावे म्हणून जिवाचे रान करतात, हे कथानक दूरचित्रवाणीच्या मालिकांमुळे आपल्या चांगल्याच परिचयाचे झाले आहे. परंतु कोल्हापूरच्या मातीत ते उगवले तेव्हा त्या तरुणांच्या हाती गिटार नव्हती, ढोलकी, झांज आणि तुणतुणे होते. कागलचे सुपुत्र आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी १९७८ सालची. तिच्यावरून रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला आणि झी टॉकीज या वाहिनीने प्रस्तुत केलेला चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला, आणि पुढे मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याने मिळवला.

या प्रांती ‘फड’ हा शब्द तिहेरी चालतो: उसाचा फड, कुस्तीचा फड आणि तमाशाचा फड. कथेचा नायक गुणा हा मोटेवर राबणारा मजूर, शरीराने पैलवान आणि मनाने शाहीर. मालकाच्या विहिरीवर विजेचा पंप बसतो, मोट कायमची थांबते, आणि रोजगार गेलेला हा माणूस गावातील सोबत्यांना घेऊन तमाशाची जुळवाजुळव करू लागतो.

तुणतुणे ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, त्याच्या बुडाला चामडे आणि बाजूच्या दांडीवरील खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार, एवढाच त्याचा सरंजाम. लाकडाच्या लहानशा काडीने ती तार छेडली की गाणाऱ्याला षड्जही मिळतो आणि लयही.

मात्र वाद्ये जमली, गण, गवळण, बतावणी, वग यांची तजवीज झाली, नाचणारी नयनाही मिळाली, तरी फड उभा राहीना. कारण फडात नाच्या हवा, अशी अट पडली, आणि सोबत्यांपैकी एकही जण बायकी हावभाव करण्यास राजी होईना. वगात राजा होण्याचे स्वप्न बाळगणाऱ्या गुणानेच अखेर ते सोंग पत्करले, आणि त्यापायी घरादाराची अवहेलना व गावाची विटंबना सोसली.

याच मातीतल्या कोल्हापूर शहरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले खासबागेचे कुस्ती-मैदान आणि १९१५ साली खुले झालेले पॅलेस थिएटर एकमेकांना अगदी लागून आहेत. त्या नाट्यगृहाला पुढे ज्यांचे नाव दिले गेले, आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी ते आगीत होरपळले तेव्हा ज्यांच्या आठवणीने कोल्हापूरकर हळहळले, त्या गायक-नट केशवराव भोसले यांनी बालवयातच ‘संगीत शारदा’ नाटकातील शारदेची स्त्रीभूमिका गाजवली होती. पुढे १९०८ साली, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. संगीत नाटकातील पुरुषाने नेसलेल्या लुगड्याला आम्ही मानाचा मुजरा केला आणि तमाशातील नाच्याची मात्र टवाळी केली. हा पक्षपात माझ्या मते कलेच्या कसोटीवर टिकणारा नाही. तो जातीच्या आणि तिकिटाच्या दराच्या हिशेबाने झालेला आहे.

‘नटरंग’ चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी गुणाच्या भूमिकेसाठी प्रथम पैलवानी देह कमावला आणि मग तोच मेहनतीने उतरवला. त्यामुळे पडद्यावर कंबर लचकवणाऱ्या नाच्याकडे पाहताना, मघाशी मोट हाकणारे ते भरदार खांदे प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.