चक्रीवादळाची तीव्रता व नुकसानीचे मूल्यमापन

चक्रीवादळाची तीव्रता म्हणजे वादळाच्या केंद्राभोवती वाहणाऱ्या वाऱ्याच्या कमाल सातत्यपूर्ण वेगावरून ठरविलेली श्रेणी होय. नुकसानीचे मूल्यमापन म्हणजे वादळ ओसरल्यावर घरे, बागा, नौका व सार्वजनिक मालमत्ता यांच्या हानीची प्रत्यक्ष पाहणी करून केलेली नोंद होय. ही दोन मोजमापे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर फयान (२००९), निसर्ग (२०२०) व तौक्ते (२०२१) या वादळांनंतर या भेदाचे महत्त्व विशेषत्वाने जाणवले.

श्रेणी

भारतीय हवामान विभाग वाऱ्याच्या तीन मिनिटांच्या सरासरी वेगावरून पुढील श्रेणी मानतो (वेग ताशी किलोमीटरमध्ये).

• डिप्रेशन : ३१ ते ४९
• तीव्र डिप्रेशन : ५० ते ६१
• चक्रीवादळ : ६२ ते ८८
• तीव्र चक्रीवादळ : ८९ ते ११७
• अतितीव्र चक्रीवादळ : ११८ ते १६६
• अत्यंत तीव्र चक्रीवादळ : १६७ ते २२१
• महाचक्रीवादळ : २२२ व त्याहून अधिक

अमेरिकेत एक मिनिटाची सरासरी घेतली जाते. त्यामुळे एकाच वादळाचे तेथील आकडे सहसा अधिक असतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाल्यास छपरावरील दाब चौपट होतो. म्हणूनच श्रेणीतील एका पायरीचा फरकही मोठा ठरतो.

तीव्रता ठरविण्याची पद्धत

वादळ खोल समुद्रात असताना त्याच्या केंद्रात प्रत्यक्ष मोजणी क्वचितच शक्य होते. त्यामुळे उपग्रहीय चित्रांतील ढगांची रचना, त्यांची वेटोळी आणि डोळ्याची स्पष्टता यांवरून तीव्रतेचा अंदाज बांधतात. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत जगभर वापरली जाते. वादळ किनाऱ्याजवळ आल्यावर डॉप्लर रडार, किनाऱ्यावरील वेधशाळा व जहाजे यांच्या नोंदींचा आधार मिळतो.

टोर्नेडोच्या बाबतीत क्रम उलटा असतो. त्याचा विस्तार लहान व आयुष्य अल्प असल्याने वाऱ्याचा वेग बहुधा मोजताच येत नाही. म्हणून आधी पडझड पाहतात आणि तीवरून वेगाचे अनुमान करतात. शिकागो विद्यापीठातील टेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये अशी श्रेणी मांडली. तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून रूढ आहे. तीत इमारती, मनोरे, झाडे इत्यादी २८ निदर्शकांच्या हानीची पातळी पाहून ० ते ५ श्रेणी दिली जाते. बांधकाम कच्चे होते की पक्के, हे येथे विचारात घेतात. कारण कमकुवत छप्पर उडाले एवढ्यावरून वारा अतिवेगवान होता, असे म्हणता येत नाही. पडलेल्या झाडांची दिशाही बोलकी असते. झाडे एकाच दिशेला आडवी झाली असतील, तर सरळ वाऱ्याचा संभव अधिक; अरुंद पट्ट्यात ती आतल्या बाजूस वळून पडली असतील, तर घूर्णी वाऱ्याचा.

कोकणातील उदाहरणे

तौक्ते वादळाचे केंद्र १६ मे २०२१ रोजी गोवा व सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून समुद्रातूनच उत्तरेकडे सरकले. त्या वेळी ते अतितीव्र श्रेणीत होते. पुढे ते अत्यंत तीव्र झाले आणि १७ मेच्या रात्री दीवच्या पूर्वेस गुजरात किनाऱ्यावर धडकले. श्रेणी केंद्राजवळील कमाल वाऱ्याची असते, प्रत्येक गावातील वाऱ्याची नव्हे. मालवण, देवगड व वेंगुर्ले किनारा मोकळ्या समुद्राला सामोरा असतो. कणकवली तालुक्यातील नांदगावासारख्या आतल्या गावांपर्यंत पोहोचताना डोंगर, झाडी व जमिनीचे घर्षण यांमुळे वारा सामान्यतः मंदावतो. तरीही आंब्याच्या विस्तीर्ण माथ्यांना, पत्र्याच्या छपरांना व विजेच्या तारांना झोतांचा धोका राहतोच.

याउलट ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले निसर्ग वादळ तीव्र श्रेणीचे, म्हणजे तौक्तेहून खालच्या पायरीचे होते. मात्र त्याचे केंद्र थेट जमिनीवर आल्याने श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागांतील नारळी-पोफळीच्या बागांची अतोनात हानी झाली. श्रेणी लहान म्हणून हानी लहान, असे समीकरण त्यामुळे मांडता येत नाही. समुद्राच्या उधाणाचाही वेगळा विचार करावा लागतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने घटल्यास पाण्याची पातळी सुमारे १ सेंटीमीटरने उंचावते. त्यात वाऱ्याने लोटलेले पाणी व भरतीची वेळ यांची भर पडते.

पंचनामा

महाराष्ट्रात शासकीय मदतीचा आधार वादळाची श्रेणी नसून पंचनामा हा असतो. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक जागेवर जाऊन पाहणी करतात. नौका व जाळ्यांच्या पाहणीत मत्स्यव्यवसाय विभागाचा सहभाग असतो. घर पूर्णतः नष्ट झाले की अंशतः, ते कच्चे होते की पक्के, याची नोंद होते. शेतीसाठी सर्वसाधारणपणे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान ही अट असते. वाट मोकळी करण्यासाठी पडलेली झाडे लगेच तोडावी लागतात. अशा वेळी आधी काढलेली छायाचित्रे व झाडांची मोजदाद उपयोगी पडते.

कोकणात मोजणीचे एकक हा कळीचा प्रश्न आहे. तौक्तेनंतर राज्य शासनाने बहुवार्षिक पिकांसाठी २ हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५०,००० रुपये, किंवा नारळासाठी प्रतिझाड २५० व सुपारीसाठी प्रतिझाड ५० रुपये असा दर ठरविला. १० गुंठ्यांच्या मिश्र बागेत १५ माड व १०० पोफळी पडल्या असे मानले, तर क्षेत्राच्या हिशेबाने सुमारे ५,००० रुपये, तर झाडांच्या हिशेबाने ८,७५० रुपये होतात. लहान व दाट परसबागांना झाडनिहाय मोजणी न्याय्य ठरते ती यामुळे. परंतु नवा माड फळास येण्यास साधारण ६ ते ८ वर्षे लागतात. या मधल्या वर्षांचे बुडालेले उत्पन्न पडलेल्या झाडांच्या संख्येत दिसत नाही.

हे सुद्धा पहा

• बोफर्ट श्रेणी
• चक्रीवादळांचे नामकरण
• तौक्ते चक्रीवादळ
• सिंधुदुर्ग जिल्हा