फोनचा कल आणि माणसाचा हात

फोनवरील शर्यतीच्या खेळात मोटार वळविण्यासाठी मुले पडद्यास बोटही न लावता सारा फोनच डावीउजवीकडे कलवितात. हा कल फोनला कसा कळतो, आणि असा खेळ रचणाऱ्यास कोणता विचार करावा लागतो, हे आपण पाहू.

आपल्या सावरगावात भिंत उभी करताना गवंडी ओळंबा सोडतो. ओळंब्याचे वजन नेहमी पृथ्वीकडेच ओढले जाते. त्यामुळे भिंत कलली की ते तत्काळ दिसते. फोनमध्येही असाच एक सूक्ष्म ओळंबा असतो. त्यास त्वरणमापक म्हणतात. त्यात सिलिकॉनचा अतिशय लहान तुकडा बारीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन कलताच तो किंचित सरकतो व त्याचे सरकणे विजेच्या साह्याने मोजले जाते. २००७ साली आलेल्या आयफोनमध्ये हा मापक होता. फोन आडवा करताच छायाचित्रही आडवे होई.

मोजणे सोपे, रचना मात्र कठीण. बसलेला मनुष्य फोन एका कोनात धरतो, पहुडलेला दुसऱ्या. म्हणून खेळाच्या आरंभी हात जेथे असेल तीच शून्यस्थिती मानावी. हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. म्हणून अगदी थोडा कल हिशेबात धरू नये. लागोपाठच्या मोजमापांची सरासरी घेतल्यास थरथर लपते, परंतु ती फार लांबविल्यास मोटार उशिरा वळते. फार कलवावे लागले तर पडदाच नजरेआड होतो. शिवाय पांढुर्ण्याहून सौंसरला बसने जाताना बसलेला गचकाही मापकास कलच वाटतो. कारण पृथ्वीची ओढ आणि गचका यांतील भेद त्या एकट्यास कळत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. ज्याचे हात कापतात, किंवा ज्याचा फोन चाकांच्या खुर्चीस बांधलेला आहे, त्याने काय करावे? वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या २०१८ च्या सुलभताविषयक मार्गदर्शक तत्त्वांत याचे उत्तर आहे: जे काम फोन हलवून होते ते पडद्यावरील बटणानेही करता यावे, आणि हलविण्याची सोय बंद करता यावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या असे खेळ रचील. तेव्हा आपल्या चपळ हातांवरून सर्वांच्या हातांचे अनुमान करू नका. जो फोन कलवू शकत नाही, त्यालाही तुमच्या खेळात जागा असू द्या.