प्रबोधिनीचे दार आणि दारापर्यंतची वाट

बंगळूर शहराच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड ही 1882 च्या सुमारास अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविलेली शेतकरी वसाहत होती. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. अशा घरातील एखाद्या मुलीने सैन्यात अधिकारी होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर तिच्या पालकांनी कोणती तयारी करावी, याचा विचार आपण करू.

शाळा संपताच अधिकारी होण्याचा राजमार्ग खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून जातो. ही प्रबोधिनी म्हणजे एका अर्थाने मोठी शिष्यवृत्तीच होय. तेथील शिक्षण, निवास, भोजन, गणवेश आणि औषधोपचार यांचा खर्च सरकार सोसते. पालकांवर केवळ किरकोळ खर्चाचा भार पडतो. मात्र विद्यार्थ्याने स्वेच्छेने प्रशिक्षण सोडल्यास खर्च परत करण्याचे बंधपत्र पालकांना लिहून द्यावे लागते.

या शिष्यवृत्तीला दीर्घकाळ एक अट होती : उमेदवार पुरुष असावा. 1992 पासून स्त्रिया अधिकारी म्हणून सैन्यात येऊ लागल्या होत्या. परंतु बारावीनंतरचे हे दार त्यांना बंदच होते. कुश कालरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑगस्ट 2021 रोजी मुलींना परीक्षेस बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. तयारीसाठी 2022 पर्यंत मुदत मिळावी, अशी सरकारची विनंती होती. न्यायालयाने ती मानली नाही. 14 नोव्हेंबर 2021 च्या परीक्षेस मुली बसल्या. पहिल्या तुकडीत त्यांना 19 जागा होत्या आणि 30 मे 2025 रोजी 17 मुली प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

दार उघडले, हे खरे; परंतु दारापर्यंतची वाट पुष्कळ अगोदर सुरू होते. देशातील पहिली सैनिकी शाळा 1961 साली सातारा येथे स्थापन झाली. या शाळांची सहावीची प्रवेशपरीक्षा दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असते. मिझोराममधील एका शाळेतील प्रयोगानंतर 2021-22 पासून सर्व सैनिकी शाळांत मुलींना प्रवेश मिळू लागला. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात 1922 पासून केवळ मुले शिकत. तेथे 2022 साली मुली आल्या. महाराष्ट्र शासनाने औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1977 साली काढलेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी होती. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला 2023 साली सुरू झाली. म्हणजे मुलांसाठी ज्या पायऱ्या कित्येक दशके घासून गुळगुळीत झाल्या, त्या मुलींसाठी आता कोठे घडविल्या जात आहेत.

परप्रांती राहणाऱ्या कुटुंबास येथे एक अडचण येते. सैनिकी शाळेच्या 67 टक्के जागा ती शाळा ज्या राज्यात आहे तेथील रहिवाशांना असतात. तेव्हा आपले अधिवास प्रमाणपत्र कर्नाटकाचे की महाराष्ट्राचे, हे व्हाइटफील्डच्या पालकांनी वेळीच ठरवावे. विजयपूरची शाळा घ्यावी की साताऱ्याची, हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून राहील. प्रबोधिनीच्या परीक्षेला मात्र राज्याची अट नाही, आणि तिचे केंद्र बंगळुरातही असते.

दुसरी गोष्ट विषयांची. स्थलसेनेसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदल यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. परंतु लेखी परीक्षेच्या 900 गुणांपैकी 300 गुण गणिताचे असून ती परीक्षा सर्वांना सारखीच असते. दहावीनंतर गणित सोडलेली मुलगी नियमाने पात्र ठरली, तरी व्यवहारात मागे पडण्याचा संभव असतो. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळाची कसोटीही 900 गुणांचीच आहे. पाठांतराने ती साधत नाही; खेळ, वाचन, वक्तृत्व आणि जबाबदारी घेण्याची सवय तेथे कामी येते.

न्यायालयाच्या आदेशाने एका दिवसात अट बदलते. मुलीच्या हाती गणिताचे पुस्तक आणि पायांत धावण्याचे बूट कितव्या वर्षी येतात, हे मात्र घरानेच ठरवावयाचे असते. मुलाच्या बाबतीत जो विचार आपण पाचवीतच करतो, तो मुलीच्या बाबतीत बारावीपर्यंत लांबणीवर टाकला, तर उघडलेले दार तिला दुरूनच पाहावे लागेल.